एकट्याची झुंज आणि समाजाचे उत्तरदायित्व

पडद्यावर एकच माणूस, भोवती अथांग सागर किंवा चार भिंती आणि पुढे एकच प्रश्न : आजचा दिवस कसा निभावायचा? खलनायक नाही, गाणी नाहीत. तरीही प्रेक्षक जागचा हलत नाही. हे आकर्षण केवळ साहसाचे आहे काय?

२००० साली आलेला ‘कास्ट अवे’ आठवून पाहावा. टॉम हँक्सने साकारलेला कुरिअर कंपनीचा अधिकारी विमान अपघातानंतर निर्जन बेटावर चार वर्षे काढतो. तो अग्नी पेटवतो, मासे मारतो. पण मनात घर करतात त्या दोन निराळ्याच गोष्टी. एक, ज्याच्याशी तो बोलतो तो चेंडू. दुसरी, अखेरपर्यंत न फोडलेले आणि सुटकेनंतर स्वतः नेऊन पोहोचवलेले एक पार्सल. मधल्या काळात जीवन संपविण्याच्या विचारापर्यंत तो गेलेला असतो. त्याला तारते ते शरीरबळ नव्हे. नात्याची ओढ आणि शिरावर घेतलेले कर्तव्य.

हे सत्य आपल्याला परके नाही. १९११ साली पन्नास वर्षांची शिक्षा घेऊन अंदमानात गेलेल्या स्वातंत्र्यवीर सावरकरांच्या मनातही आत्मघाताचा विचार डोकावला होता. ‘माझी जन्मठेप’मध्ये त्यांनी तो प्रांजळपणे सांगितला आहे. त्यावर मात करून त्यांनी कोठडीच्या भिंतींवर काव्य कोरले, ते मुखोद्गत केले. कारण त्यांच्या जगण्याला राष्ट्र हा हेतू होता. सुधीर फडके यांनी २००१ साली त्यांच्यावरील चित्रपट पूर्ण केला, तो लोकवर्गणीतून. एकाची झुंज पडद्यावर आणण्यासाठी असंख्य हात पुढे आले. आमच्या जळगावच्या बहिणाबाई चौधरींना तरुणपणीच वैधव्य आले. अक्षरओळख नसलेली ही माउली जात्याशी, शेताशी, आपल्या मनाशी बोलत राहिली आणि त्यातून मराठीला अक्षरधन मिळाले.

मात्र दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. २०१७ च्या ‘ट्रॅप्ड’मधील तरुण बेटावर नव्हे, तर भर मुंबईत, एका ओसाड इमारतीतील सदनिकेत अडकतो. खाली माणसांची गर्दी वाहते आहे आणि त्याची हाक कोणापर्यंतही पोहोचत नाही. हे दृश्य खानदेशात अपरिचित आहे काय? जळगाव-धुळ्याच्या कोरडवाहू पट्ट्यात कपाशी हातची गेल्यावर, सावकाराचा तगादा लागल्यावर कितीतरी शेतकरी भरल्या गावात असेच एकटे पडले आणि काहींनी स्वतःचा अंत करून घेतला. रास्त भाव, पाणी आणि वेळेवर कर्ज हे शासनाचे दायित्व आहेच. पण त्याच्या घरासमोरून रोज जाणाऱ्या आपले काय? ‘भाऊ, कसं चाललंय?’ एवढे विचारायला कोणत्या योजनेची वाट पाहायची?

संघटन म्हणजे केवळ सभा आणि संचलन नव्हे. कोणालाही एकटे पडू न देणे, हा त्याचा गाभा आहे. पडद्यावरच्या एकट्यासाठी आपले डोळे पाणावतात. बांधावर एकट्याच बसलेल्या माणसाकडे ते वळतील, तेव्हाच त्या अश्रूंना अर्थ येईल.