मेलमधल्या लिंकवर क्लिक केलं कोणी? ग्राहकाने की यंत्राने?

सकाळी १० वाजता मेल गेला आणि पुढच्या पाच सेकंदांत त्यातल्या सगळ्या लिंक उघडल्या गेल्या, अगदी तळाशी बारीक अक्षरात असलेल्या 'अनसबस्क्राइब'सकट. कोणताही माणूस मेल असा वाचत नाही. तरीही पाठवणाऱ्या कंपनीच्या डॅशबोर्डवर याची नोंद 'ग्राहकाने रस दाखवला' अशीच होते.

रायगड जिल्ह्यात बिरवाडीला लागून महाड एमआयडीसी आहे. इथले बरेच कारखाने रसायनांचे आहेत. त्यांचा माल किराणा दुकानात विकला जात नाही, तो दुसऱ्या कंपन्या घेतात. त्यामुळे गिऱ्हाईक मोजकं असतं आणि ओळख करून घ्यायची तर मेल हा सोपा रस्ता.

समजा, अशा एका कारखान्याने नव्या उत्पादनाची माहिती २०० कंपन्यांच्या खरेदी विभागांना पाठवली. त्यातल्या ३० बड्या कंपन्यांची सुरक्षा यंत्रणा येणाऱ्या मेलमधली प्रत्येक लिंक स्वतः उघडून पाहते. बाकीच्यांपैकी ६ जणांनी मेल खरंच वाचला आणि माहितीपत्रक उघडलं. अहवालात आकडा येणार ३६. म्हणजे प्रत्यक्षात ३ टक्के प्रतिसाद, कागदावर १८ टक्के. सेल्सची माणसं मग यादीतल्या मोठ्या नावांना आधी फोन लावतात. त्यांच्यापैकी कोणी मेल पाहिलेलाही नसतो आणि ज्याला खरोखर माल हवा होता तो सहातला एक जण वाट बघत राहतो.

ही चूक सगळीकडे सारखी पसरलेली नसते, खरी अडचण तिथे आहे. कंपनी जितकी मोठी, तितकी तिची मेल सुरक्षा कडक आणि तितके खोटे क्लिक जास्त. घरगुती ग्राहकांना साड्या किंवा आंबे विकणाऱ्याला याचा त्रास कमी होतो. कंपन्यांना माल विकणाऱ्याला तो सर्वाधिक होतो.

यंत्र लिंक का उघडतं?

फसव्या मेलमधली लिंक माणसाच्या हाती पडण्याआधी तपासावी म्हणून. मायक्रोसॉफ्ट, प्रूफपॉइंट, माइमकास्ट, बाराकुडा अशा कंपन्या ही सेवा देतात. काही यंत्रणा मेल पोहोचतानाच लिंक तपासतात, काही लिंक बदलून ठेवतात आणि माणसाने क्लिक केल्यावर आधी स्वतः तपासतात. यात गैर काहीच नाही. उलट, अशी तपासणी नसती तर कंपन्यांची खाती कधीच रिकामी झाली असती.

व्हॉट्सॲपवर याची छोटी आवृत्ती रोज दिसते. लिंक टाकली की पाठवण्याआधीच खाली फोटो आणि मथळा येतो. तुम्ही पान उघडलेलं नसतं, पण ॲपने ते गुपचूप उघडून पाहिलेलं असतं.

मग यंत्राचे क्लिक वेगळे काढता येत नाहीत का? काही प्रमाणात येतात. मेल पोहोचल्यावर काही सेकंदांत आलेले, एकाच क्षणी सगळ्या लिंकवर पडलेले, घराऐवजी डेटा सेंटरच्या पत्त्यावरून आलेले क्लिक संशयास्पद मानले जातात. पण ही यंत्रणा मुद्दाम साध्या ब्राउझरचं सोंग घेते. कारण भामट्यांची पानं तपासणारा आला हे ओळखलं की त्याला सभ्य पान दाखवतात. म्हणजे चोराला फसवण्यासाठी घेतलेल्या वेषाने मार्केटिंगवालाही फसतो. काही जण मेलमध्ये माणसाला न दिसणारी लिंक पेरतात. ती उघडली तर समोर यंत्र आहे हे कळतं. मात्र लपवलेली लिंक पाहून स्पॅम फिल्टर मेललाच संशयित ठरवू शकतो.

मग ओपन रेट बघावा?

तो तर आधीच कामातून गेला आहे. मेल उघडला की त्यातलं एक अदृश्य चित्र लोड होतं, त्यावरून ही मोजणी चालते. २०२१ मध्ये आयओएस १५ बरोबर ॲपलने मेल ॲपमध्ये गोपनीयतेची नवी सोय दिली. ती चालू असेल तर माणसाने मेल वाचला नाही तरी चित्र आधीच लोड होतं. तेव्हापासून 'ओपन सोडा, क्लिक मोजा' हा सल्ला सर्रास दिला गेला. आता क्लिकचीही तीच गत झाली आहे.

यंत्राचा क्लिक 'अनसबस्क्राइब'वर पडला तर भलतंच होतं. एका क्लिकवर नाव काढण्याची सोय असेल तर ग्राहकाच्या नकळत त्याचं नाव यादीतून जातं. जानेवारी २०१७ मधल्या आरएफसी ८०५८ या तांत्रिक मानकाने यावर तोडगा दिला: नुसती लिंक उघडल्याने नाव काढायचं नाही, त्यासाठी वेगळी विनंती यावी लागेल. गूगल आणि याहू यांनी २०२४ मध्ये मोठ्या प्रमाणावर मेल पाठवणाऱ्यांना एका क्लिकवर नाव काढण्याची सोय सक्तीची केली, ती याच पद्धतीवर बेतलेली आहे. मेलच्या मजकुरातल्या जुन्या लिंकचा धोका मात्र राहतो. तिथे 'नाव काढायचं का?' असं विचारणारं बटण असलेलं बरं.

छोट्या यादीसाठी साधा उपाय आहे. कोणी उत्तर दिलं, कोणी दर विचारला, कोणी नमुना मागवला, एवढंच मोजायचं. आकडा लहान दिसतो आणि साहेबांना दाखवायला बरा वाटत नाही, पण त्यामागे माणूस असतो.

याची झळ नोकरदारांनाही बसू शकते. अनेक कंपन्या कर्मचाऱ्यांची परीक्षा घेण्यासाठी मुद्दाम खोटा फिशिंग मेल पाठवतात आणि लिंक उघडणाऱ्याला नापास करतात. तिथेही क्लिक यंत्राचा असू शकतो. लिंक न उघडताच तुमचं नाव त्या यादीत आलं, तर आयटी विभागाकडे दोन गोष्टी मागा: क्लिकची नेमकी वेळ आणि तो कोणत्या आयपी पत्त्यावरून आला.