तळापासून वाचा

"काका, पानभर लाल अक्षरं आली!" असं म्हणत पुतणीनं परवा लॅपटॉप माझ्यापुढे सरकवला, आणि मी बघायच्या आत खिडकी बंदही करून टाकली. तिला प्रोग्राम पुन्हा चालवायला लावला. ती लाल अक्षरं म्हणजे पायथनचा ट्रेसबॅक, आणि तो तळापासून वाचायचा: शेवटच्या ओळीत चूक, आणि कोणत्या फंक्शननं कोणाला बोलावलं ते वर चढत जातं. जावास्क्रिप्टमध्ये उलट, चूक सगळ्यात वर. पुतणीच्या ट्रेसबॅकच्या तळाशी होतं 'की-एरर: पिनकोड', म्हणजे त्या नावाचा रकाना सापडलाच नाही, आणि त्याच्या वर ४२व्या ओळीचा पत्ता. पायथन ३.११ पासून, म्हणजे २०२२ पासून, ओळीतल्या नेमक्या तुकड्याखाली खुणाही येतात. शिकणाऱ्या पोरांवर हे मोठेच उपकार. प्रोग्राम वाचत होता ती सीएसव्ही फाइल उघडली तर मथळ्यात 'पिनकोड'ला मागून एक स्पेस चिकटलेली! डोळ्यांना ती दिसणार कशी? ट्रेसबॅकसारखा प्रामाणिक साक्षीदार समोर उभा असताना 'एक्सेप्ट'खाली 'पास' लिहून त्याचं तोंड दाबणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. पुतणीनं मथळ्यांना 'स्ट्रिप' लावलं. पुढची चूक आली तेव्हा खिडकी बंद न करता ती थेट तळाशी गेली.