धावू न शकणाऱ्यांसाठी धाव

गोव्यात अलीकडे रविवारच्या पहाटे निरनिराळ्या सत्कार्यांसाठी सामूहिक धाव आयोजित होते. फुफ्फुसांच्या आरोग्यासाठी असा उपक्रम डिचोली-पेडणे परिसरात आपण व्यवसायबंधूंनी हाती घ्यावा, अशी सूचना अधूनमधून कानी येते. सूचना स्वागतार्ह आहे. तरीही एक प्रश्न मला अस्वस्थ करतो. ज्यांच्या फुफ्फुसांसाठी आपण धावणार, ते त्या पहाटे कोठे असतील?

या प्रश्नामागे माझी स्वतःची एक चूक आहे. व्यवसायाच्या सुरुवातीच्या काळात एक खनिजवाहू ट्रकचालक दर हिवाळ्यात खोकला घेऊन माझ्याकडे येई. तो विडी ओढत नसे, म्हणून मी निश्चिंत होतो. प्रतिजैविके आणि खोकल्याचे औषध यांपलीकडे मी गेलो नाही. एके दिवशी तो संकोचत म्हणाला, ''डॉक्टर, आता देवळाच्या पायऱ्या चढवत नाहीत.'' तेव्हा कुठे मी त्याची स्पायरोमेट्री करून घेतली. त्याच्या श्वासाचा वेग अपेक्षेच्या निम्म्याहूनही खाली आला होता. काही मिनिटांची ती तपासणी मी काही वर्षे उशिरा केली होती.

शिरगाव, मये, पाळी, वेळगे या गावांना तांबड्या धुळीची ओळख करून द्यावी लागत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने ऑक्टोबर २०१२ मध्ये खाणी थांबल्या, पुढे सुरू झाल्या, मार्च २०१८ मध्ये पुन्हा थांबल्या, आणि लिलावाने दिलेल्या खाणपट्ट्यांवर २०२४ मध्ये डिचोलीत उत्खनन परत सुरू झाले. खाण बंद झाली की रस्त्यावरची धूळ बसते. परंतु सिलिकाच्या कणांनी फुफ्फुसात पडलेले व्रण भरून येत नाहीत. धुळीशी संबंध तुटल्यावरही ते वाढू शकतात आणि क्षयरोगाला वाट करून देतात. पेडण्याचे दुखणे निराळे आहे. तेथे चुलीपुढे आयुष्य काढलेली, काजूच्या हंगामात भट्टीचा धूर सोसलेली आणि कधीही तंबाखूला न शिवलेली माउली धापा टाकत आपल्यासमोर बसते. दम्याचे औषध लिहून आपण तिची बोळवण करतो.

सेवानिधीसाठी धावण्याच्या परंपरेत टेरी फॉक्स या कॅनेडियन तरुणाचे नाव अग्रभागी आहे. कर्करोगामुळे उजवा पाय गमावलेला हा युवक १२ एप्रिल १९८० रोजी कृत्रिम पायावर धावू लागला आणि १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर धावला. १ सप्टेंबर रोजी तो थांबला, कारण कर्करोग फुफ्फुसांत पोहोचला होता. त्या धावेचा मोठेपणा वेगात नव्हता. स्वतः रुग्ण असलेला माणूसच रस्त्यावर उतरला होता. आपल्या उपक्रमांत नेमका रुग्णच दिसत नाही.

म्हणून माझी सूचना अशी आहे. धावेच्या मैदानातच ३० मीटरचा एक सपाट, सावलीतला पट्टा आखावा आणि तेथे 'सहा मिनिटांचे चालणे' ठेवावे. ही आपल्या शास्त्रातील मान्यताप्राप्त चाचणी आहे. रुग्णाने आपल्या गतीने चालावे, दम लागल्यास थांबावे, पुन्हा चालावे. शेवटी अंतर मोजायचे. सोबत डॉक्टर, ऑक्सिमीटर आणि प्राणवायूची सोय हवीच. ज्याचे अंतर कमी भरेल त्याची स्पायरोमेट्री व्हावी. दहा किलोमीटर धावणाऱ्याला जे पदक, तेच या चालणाऱ्यालाही मिळावे.

जमणारा निधी टी-शर्ट आणि व्यासपीठावर खर्च न करता ग्रामीण आरोग्य केंद्रांसाठी स्पायरोमीटर घ्यावेत आणि ते चालवणाऱ्या परिचारिकांना शिकवावे. शिवाय पैशाविना होणारे एक काम आपल्याच हाती आहे. खाणकामगारात सिलिकोसिस आढळल्यास कळवण्याचे कर्तव्य १९५२ च्या खाण कायद्याने उपचार करणाऱ्या डॉक्टरवर टाकले होते, २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेनेही ते कायम ठेवले आहे. आपल्यापैकी किती जणांनी अशी सूचना कधी पाठवली, हे प्रत्येकाने आपल्या मनाला विचारावे. मी ती पाठवली नव्हती.

गोव्याने १९९७ मध्ये धूम्रपान व थुंकण्यास प्रतिबंध करणारा कायदा केला, तेव्हा देशातील बहुतेक राज्ये निद्रिस्त होती. त्यामागे कै. डॉ. शरद वैद्य यांच्यासारख्या आपल्याच व्यवसायातील व्यक्तीची चिकाटी होती. तीच चिकाटी धूळ आणि धूर यांबाबत आपण दाखवू शकतो.

पंढरीच्या वाटेवर धडधाकट माणूस थकलेल्यासाठी थांबतो. साखळीच्या विठ्ठलमंदिराच्या या परिसराला हे शिकवण्याची गरज नाही. आपल्या धावेतही तेवढे थांबणे असावे, एवढीच विनंती.