आकडा पुलावर, पाणी उंबऱ्यात

2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णा-पंचगंगेच्या महापुराने कोल्हापूर, सांगली व बेळगाव या तिन्ही जिल्ह्यांना तडाखा दिला. 2021 च्या जुलैत तोच अनुभव पुन्हा आला. पाण्याने राज्याची सीमा ओळखली नाही. पाण्याविषयीची माहिती मात्र आजही निरनिराळ्या मापांत विखुरलेली आहे.

राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी 43 फूट, सांगलीच्या आयर्विन पुलावर 45 फूट. आणि पुढे आलमट्टीची पूर्ण पातळी समुद्रसपाटीपासून 519.60 मीटर! आकडे तिन्ही खरे, खोरेही एकच. परंतु त्यांचा मेळ सामान्य नागरिकाने घालावा कसा? पुलावरचे फूट त्या पुलापुरतेच. त्यांचे शून्य समुद्रसपाटीपासून किती उंचीवर धरले आहे, हे कळल्यावाचून तुलना व्यर्थ होय.

नदीकाठच्या माणसाचा प्रश्न साधा असतो: पाणी माझ्या उंबऱ्याशी येणार काय, आणि आल्यास कोणत्या वाटेने निघावे? या प्रश्नाला जो आकडा उत्तर देत नाही, तो कितीही अचूक असला तरी दप्तराची शोभाच.

म्हणून आमचे म्हणणे स्पष्ट आहे. पुलावरच्या प्रत्येक फुटामागे कोणती गल्ली, कोणता मळा, कोणता रस्ता पाण्याखाली जातो, हे नकाशावर दाखवावे. तो नकाशा सीमेच्या रेषेपाशी थांबू नये. त्यावर मोजणीची तारीख असावी. स्थळांची नावे लोकांच्या तोंडची असावीत. 2014 साली बेळगावचे सरकारी नाव बदलले. जुन्या-नव्या कागदांतील एकच शहर गणकयंत्राला दोन वाटू शकते, मग लहानशा वाडीची काय कथा? 2011 च्या जनगणनेने गावांना सहा अंकी क्रमांक दिले आहेत. त्या क्रमांकाशी सर्व प्रचलित नावे जोडावीत, म्हणजे कोणाचीही भाषा न पुसता घोटाळा टळेल.

पूर्वी गुप्ततेची सबब होती. 15 फेब्रुवारी 2021 च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी भारतीयांवरील नकाशांची बहुतेक बंधने उठविली. ती सबब आता चालणार नाही.

जनतेचेही कर्तव्य आहे. 2005, 2019 व 2021 चे पाणी कोठवर चढले, हे गावच्या वडीलधाऱ्यांना ठाऊक आहे. त्या खुणा पाण्याबरोबर पुसल्या जाण्यापूर्वी देवळाच्या, शाळेच्या भिंतीवर सालासह रंगवाव्यात आणि मोजणीदाराकडून त्यांची उंची नोंदवून घ्यावी. सरकारचा आकडा आणि गावाची खूण यांची गाठ पडेल, तेव्हाच नकाशा लोकांचा होईल.