आदर्श प्रत कोणीं तपासावी?

शुद्धलेखनाची वही तपासतांना शिक्षकापुढें मूळ पुस्तक असतें. विद्यार्थ्यानें लिहिलेलें व पुस्तकांत छापलेलें ओळीस ओळ लावून ताडून पाहिलें, म्हणजे चुका आपोआप उघड्या पडतात. ज्या संगणकांवर आज आपल्या घरोघरच्या मुली, मुलगे व सुना उपजीविका करीत आहेत, त्या संगणकांचे प्रोग्रामही पुष्कळदां ह्याच रीतीनें तपासले जातात. प्रोग्रामनें दिलेलें उत्तर एकदां बरोबर म्हणून मान्य झालें, कीं तें एका फाइलींत जपून ठेवावयाचें. पुढें प्रोग्राममध्यें कोणताही फेरफार केला, कीं नवें उत्तर त्या जपलेल्या उत्तराशीं ताडावयाचें. अशा फाइलीस त्या व्यवसायांतील मंडळी 'गोल्डन फाइल' म्हणतात; आपण तिला आदर्श प्रत म्हणूं. रीत सोपी व उपयुक्त आहे. परंतु वहीची परीक्षा पुस्तकानें केली, तरी पुस्तकाची परीक्षा कोणीं करावयाची, हा प्रश्न तिच्या मुळाशीं राहतोच.

ताडण्याचें काम डोळ्यांनीं करावें लागत नाहीं. अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत डग्लस मॅकिलरॉय यांनीं 'डिफ' नांवाचा प्रोग्राम सिद्ध केला. तो १९७४ सालीं युनिक्स प्रणालीच्या पांचव्या आवृत्तींत आला, व त्यामागील गणिताची रीत जेम्स हंट व मॅकिलरॉय यांनीं १९७६ सालीं लिहून प्रसिद्ध केली. दोन फाइली त्याच्या हवालीं केल्या, कीं जेथें भेद आहे तेवढ्याच ओळी तो समोर मांडतो. भेद नसेल तर एक अक्षरही बोलत नाहीं. उत्तरांत तारीख अगर वेळ छापली जात असेल, तर ती मात्र ताडण्यापूर्वीं वगळावी लागते. नाहीं तर कांहीं न बिघडतांही रोज भेद दिसावयाचा.

आतां आपल्या अगदीं जवळचें उदाहरण घेऊं. मोबाइलच्या पडद्यावर आपण मराठी वाचतों, तेव्हां अक्षरें ज्या क्रमानें सांठविलेलीं असतात त्याच क्रमानें तीं दिसत नाहींत. 'कि' ह्या अक्षरांत आधीं क सांठविला जातो व मागून वेलांटी. पडद्यावर मात्र वेलांटी क च्या आधीं उभी राहते. जोडाक्षरांचा व रफाराचा प्रकार याहूनही गुंतागुंतीचा. ही मांडणी करणारा 'हार्फबझ' नांवाचा प्रोग्राम सर्वांस मुक्तपणें उपलब्ध असून क्रोम, फायरफॉक्स व अँड्रॉइड यांत तो वापरला जातो. त्याच्या तपासणीच्या फाइलींत एकेका ओळींत फॉन्टचें नांव, सांठविलेल्या अक्षरांचे संकेतांक व शेवटीं त्यांतून कोणत्या आकृति कोणत्या क्रमानें निघाव्यात तें नमूद केलेलें असतें. ही शेवटची माळ म्हणजेच आदर्श प्रत.

ही रचना चालू असतां, २०१२ सालाच्या सुमारास, ताडून पाहावयास आदर्श कोणता घ्यावा हा प्रश्न आलाच. तेव्हां प्रमुख कर्ते बेहदाद इस्फहबोद यांनीं विकिपीडियांतून जमविलेल्या शब्दांच्या याद्या घेतल्या. देवनागरीचे शब्दच सात लाखांवर होते. मायक्रोसॉफ्टच्या 'युनिस्क्राइब' ह्या जुन्या प्रोग्रामनें त्यांची मांडणी कशी केली आहे, तिच्याशीं आपली मांडणी त्यांनीं ताडली. जेथें भेद निघाला तेथें कांहीं ठिकाणीं नव्याची चूक होती. परंतु कांहीं ठिकाणीं चूक त्या आदर्शाचीच होती! म्हणून केवळ तुलनेच्या सोयीसाठीं, युनिस्क्राइबचे ज्ञात दोष मुद्दाम गिरवून दाखविणारी एक वेगळी योजनाही त्यांनीं हार्फबझमध्यें ठेविली. दोन उत्तरें जुळलीं म्हणजे तीं एकसारखीं आहेत इतकेंच सिद्ध होतें. दोन्ही खरीं आहेत असें नव्हे.

ह्यांत आपलें काय अडलें, असें कोणी विचारील. 'आचार्यास' व 'आचाऱ्यास' हे दोन शब्द पाहा. एक गुरूस उद्देशून आहे, दुसरा स्वयंपाक्यास. भेद केवळ रफाराच्या आकृतीचा. सांठविलेले संकेतांकही दोहोंचे निराळे असतात. मराठी न जाणणाऱ्या एखाद्यानें दुसऱ्या शब्दाखालीं पहिल्याची आकृति 'बरोबर' म्हणून जपून ठेविली, तर पुढें कोणीं ती सुधारली असतां यंत्र त्या सुधारणेसच चूक म्हणून अडवील. जुनी चूक अशा वेळीं पहारेकऱ्याच्या जागीं बसते.

दुसरा धोका आळसाचा. जेस्ट ह्या साधनांत २०१६ सालीं हीच पद्धति आली, व जपलेलें उत्तर टाकून नवें तेथें ठेवण्याची आज्ञाही तिच्याबरोबरच आहे. आज्ञा योग्यच, कारण कित्येकदां बदल हेतुपुरस्सर केलेला असतो. पण एका फेरफारानें चाळीस फाइली भिन्न निघाल्या व घरीं जाण्याची वेळ झाली, कीं न वाचतां सर्वांवर ती आज्ञा फिरविण्याचा मोह होतो. वहींत चूक सांपडली म्हणून शिक्षकानें पुस्तकच खोडून वहीप्रमाणें लिहावें, तसा हा प्रकार.

आम्हां संस्कृत शिकलेल्यांस हा विचार परका नाहीं. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें १९१९ सालीं महाभारताची चिकित्सक आवृत्ति हातीं घेतली. ती १९६६ सालीं पूर्ण झाली. त्या कामांत प्रचलित पाठ वरच्या ओळींत एकेक अक्षर सुटें करून लिहीत व खालीं निरनिराळ्या पोथ्यांतील पाठभेद नोंदवीत. पण वरच्या ओळींत बसला म्हणून तो पाठ प्रमाण ठरला नाहीं, निर्णय डॉ. सुखटणकरांसारख्या संपादकांनीं पुरावा तोलून केला. भेद दाखविणें व भेदाचा निवाडा करणें हीं दोन कामें तेथें निराळीं राखलीं गेलीं, आणि संगणकाच्या धंद्यांतही तीं तशींच राहिलीं पाहिजेत.

म्हणून आदर्श प्रत माणसास वाचतां येईल एवढी लहान असावी. ती बदलतांना कारण लिहून ठेवावें. आणि ज्या भाषेची ती असेल, त्या भाषेच्या जाणत्यानें ती एकदां तरी पाहिलेली असावी. हें शेवटचें एकत्र कुटुंबांत अवघड नाहीं. ज्या घरांत संगणकावर काम करणारी सून आहे व रफाराचा भेद जाणणारे मामंजीही आहेत, त्या घरानें एक रविवार द्यावा. पडद्यावर चुकीचा उमटणारा मराठी शब्द, तो कसा दिसतो व कसा दिसावा, एवढें कागदावर उतरावें. हार्फबझसारख्या मुक्त प्रोग्रामांचे कर्ते अशा सूचना उघडपणें स्वीकारतात. सूचना पाठविण्याची रीत सुनेस ठाऊक असते. शब्द मात्र मामंजींनीं द्यावेत.