सब्र नेहमी आम्हीच का करायचा?

10 ऑक्टोबर 2025. जागतिक मानसिक आरोग्य दिन. खराडीतल्या आमच्या काचेच्या ऑफिसात दुपारी तीन वाजता 'रेझिलियन्स वर्कशॉप' झाले. एका मॅडमनी आम्हाला डोळे मिटायला लावले, चार आकडे मोजत श्वास घ्यायला लावला आणि सांगितले की परिस्थिती आपल्या हातात नसते, तिच्याकडे बघण्याची नजर आपल्या हातात असते. निघताना प्रत्येकाला दाबायला एक मऊ पिवळा चेंडू मिळाला.

मी डोळे मिटले खरे. पण मिटल्यावर आठवला तो एप्रिल महिना. पहलगामचा हल्ला झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी टीममधला एक जण माझ्या टेबलाशी आला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, हसत म्हणाला, "काय रे, तुमच्याकडं काय चर्चा?" तुमच्याकडं म्हणजे कुठे, हे त्याने सांगितले नाही. मीही विचारले नाही. मॅनेजर शेजारीच उभा होता, तोही हसला. तेव्हापासून देशात कुठे काही घडले, किंवा पाकिस्तानशी क्रिकेटचा सामना असला, की घरून निघतानाच मी ठरवतो, आज तोंडावर कोणता भाव ठेवायचा. हे काम रोजच्या आठ-नऊ तासांच्या वरचे आहे आणि ते टाइमशीटमध्ये भरता येत नाही.

घराची गोष्टही सांगतो, कारण ऑफिसातला ताण ऑफिसातच सुरू होतो असे नाही. खराडीच्या आसपास दोन महिने फ्लॅट शोधला. फोनवर माझे मराठी ऐकून ब्रोकर खूश व्हायचे. नाव सांगितले की आधी "मालक फॅमिलीलाच देतात", मग फॅमिली आहे म्हटले की "शाकाहारीच पाहिजेत". शेवटी कोंढव्यात घर घेतले. रोज जाऊन-येऊन दोन-अडीच तास दुचाकीवर जातात. मग सकाळी पंधरा मिनिटे उशीर झाला की मूल्यमापनात शेरा येतो: वेळेचे नियोजन सुधारावे.

आता सांगा, या सगळ्यात तो चेंडू नेमके काय करणार?

माझा आक्षेप श्वासाला नाही, मॅडमनाही नाही. समुपदेशन, व्यायाम, ध्यान यांनी बरे वाटते, त्याची टिंगल करणारा मी नव्हे. आक्षेप हिशेबाला आहे. दुखापत करणारा एक आणि मलमाचा खर्च दुसऱ्याच्या खात्यावर, असा हा हिशेब आहे. कंपनीने कामाचे तास कमी करायचे नाहीत, टोमणे मारणाऱ्याला विचारायचे नाही, मॅनेजरला शिकवायचे नाही. आणि ज्याला लागले त्यालाच सांगायचे की बाबा, तू जरा घट्ट हो.

हे उपयोगाचेही नाही. ऑक्सफर्डचे विल्यम फ्लेमिंग यांनी ब्रिटनमधल्या 233 संस्थांतल्या 46,336 कर्मचाऱ्यांची माहिती तपासली. 2024 मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध झाला. अॅप, वर्कशॉप, ध्यान असे कार्यक्रम घेतलेल्यांची मनःस्थिती न घेतलेल्यांपेक्षा चांगली आढळली नाही. कणखरपणा आणि ताणव्यवस्थापनाच्या प्रशिक्षणात तर आकडे किंचित उलटीकडेच झुकले. जागतिक आरोग्य संघटनेनेही कामाचा बोजा, कामावर स्वतःचे नियंत्रण नसणे, भेदभाव आणि छळ ही मनाला धोका पोचवणारी कारणे म्हणून मोजली आहेत. तिच्याच अंदाजानुसार नैराश्य आणि चिंतेमुळे जगात दरवर्षी 12 अब्ज कामाचे दिवस वाया जातात. इकडे आपल्या राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर 2025 मध्ये दुकाने आणि खासगी आस्थापनांतली रोजची मर्यादा 9 तासांवरून 10 तासांवर नेण्यास मंजुरी दिली. तास वाढवायचे, आणि पुढच्याच महिन्यात चेंडू वाटायचे!

पण कंपनीवर ओरडून मला मोकळे होता येत नाही. कारण त्या रात्री अम्मीला फोन केला तेव्हा तीही तेच म्हणाली, फक्त इंग्रजीऐवजी आपल्या भाषेत: "सब्र कर बेटा. नोकरी आहे ना, ती बघ." अब्बूंनी मागून विचारले, नमाज होते ना वेळेवर? मोहल्ल्यातल्या एका मित्राला दोन वर्षांपूर्वी झोपच येईना, छातीत धडधड व्हायची, तेव्हा घरच्यांनी आधी ताविज आणले, मग ईमान कमजोर आहे म्हणून ऐकवले, आणि डॉक्टरकडे नेले ते नोकरी गेल्यावर. नेले तेही सोलापुरात नको, कुणी बघेल म्हणून पुण्यात.

आपण सब्र या शब्दाचे फार वाईट केले आहे. याकूब अलैहिस्सलाम यांचा किस्सा आपण सगळ्यांनी लहानपणी मदरशात ऐकला आहे. युसुफच्या विरहात रडून रडून त्यांची नजर गेली. सुंदर सब्राचे उदाहरण म्हणून आपण ज्यांचे नाव घेतो, ते हेच. म्हणजे रडणे आणि सब्र यांचे वैर नाही. मग गप्प बसणे म्हणजेच सब्र हे आपल्याला कुणी शिकवले? नवव्या-दहाव्या शतकात बल्खच्या अबू झैद यांनी शरीर आणि मन या दोन्हींच्या तंदुरुस्तीवर एकच ग्रंथ लिहिला, त्यात भीती, संताप, उदासी यांवर स्वतंत्र प्रकरणे आहेत. हजार वर्षांपूर्वी जे आपल्याकडे लिहिले गेले, ते आज आपल्या घरात कुजबुजून बोलावे लागते.

आणि मुलींना तर दोन्हीकडून ऐकावे लागते. लेड बाय फाउंडेशनने 2022 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. एकाच पात्रतेचे दोन अर्ज, एकावर हिंदू मुलीचे नाव, दुसऱ्यावर मुस्लिम मुलीचे. हजार जाहिरातींना पाठवले. पहिल्या नावाला 208 होकारार्थी उत्तरे आली, दुसऱ्याला 103. त्या मुलीला आपण कोणता श्वास शिकवणार आहोत?

"सगळीकडे हे चालतेच, मन मोठे करा," असे म्हणणाऱ्यांना एक आठवण करून देतो. ऑफिसातल्या बायकांनाही वर्षानुवर्षे हेच सांगितले जायचे: मनावर घेऊ नका, तो स्वभावानेच तसा आहे. मग राजस्थानच्या भंवरीदेवींच्या प्रकरणातून 1997 चा विशाखा निकाल आला, 2013 चा कायदा आला, आणि दहा किंवा अधिक माणसे असलेल्या प्रत्येक ठिकाणी तक्रार समिती ठेवणे मालकावर बंधनकारक झाले. समित्या सगळीकडे नीट चालतात असे नाही, पण दार तरी आहे. खासगी नोकरीत धर्मावरून किंवा जातीवरून होणाऱ्या अपमानासाठी असे दार नाही. सच्चर समितीने 2006 मध्येच समान संधी आयोगाची शिफारस केली होती. तो आयोग आजही नाही.

तोवर काय? सरकारची टेलिमानस सेवा 14416 या क्रमांकावर आहे, मराठीतही बोलता येते. झोप उडाली असेल, जगणे नको वाटत असेल तर आजच फोन करा, आमच्या लढाईची वाट बघू नका. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने विमा कंपन्यांना मनाच्या आजारालाही शरीराच्या आजारासारखेच संरक्षण द्यायला लावले आहे. कंपनीची पॉलिसी मागून वाचा. न्यायाची गोष्ट आहे, भीक नाही. आणि जे घडते ते तारीख, वेळ, कोण हजर होते, असे त्याच दिवशी लिहून ठेवा. मी एप्रिलात ठेवले नव्हते, त्याचा आता पस्तावा होतो.

"एकट्याने बोललास तर नोकरी जाईल," हे मित्र म्हणतात आणि ते खरे आहे. म्हणून मी एकटा बोललो नाही. आमच्या मजल्यावर नागपूरची एक बौद्ध मुलगी आहे. तिला 'कोट्यातून आलीस का' हे हसत हसत विचारले गेले होते. आम्ही दोघांनी मिळून एचआरला मेल लिहिली. मागण्या तीनच: धर्म, जात, प्रांत यांवरच्या शेऱ्यांची तक्रार घेणारी समिती, मॅनेजरांसाठी प्रशिक्षण, आणि जुम्याला दुपारी दीड ते अडीच मीटिंग नको. उत्तर आले, तुमचा अभिप्राय नोंदवला आहे. दुसरी मेल सोमवारी जाणार आहे. या वेळी खाली सात सह्या आहेत, त्यातल्या चार आमच्या दोघांच्याही समाजाबाहेरच्या.