कोण वाचणार, की कोण घडणार?

डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीने परिसरातील रहिवाशांना २०१४ साली हिरवा पाऊस दाखविला आणि २०२० साली गुलाबी रस्ता. २०१६ आणि २०२४ च्या मे महिन्यांत तेथील स्फोटांनी माणसांचे बळी घेतले. हिरव्या पावसाच्या वर्षी जे मूल दहा वर्षांचे होते, ते आज मतदार आहे. त्याच्या हाती भयावह भविष्याची एखादी कादंबरी दिसली, तर वडीलधाऱ्यांनी नाक मुरडण्याचे कारण नाही.

सुझान कॉलिन्स या अमेरिकी लेखिकेची ‘द हंगर गेम्स’ ही अशीच कादंबरी २००८ साली प्रसिद्ध झाली. ऐषारामी राजधानीने १२ जिल्हे दडपून ठेवले आहेत. दरवर्षी प्रत्येक जिल्ह्यातून एक मुलगा व एक मुलगी चिठ्ठीने निवडली जाते आणि एकच उरेपर्यंत या २४ मुलांनी परस्परांना मारायचे, असा तेथील कायदा आहे. चिठ्ठी सर्वांना सारखी वाटते. ती तशी नाही. भुकेल्या घराला वाढीव धान्य व तेल हवे असेल, तर मुलाने आपल्या नावाच्या जादा चिठ्ठ्या टाकाव्यात! खाणीतील स्फोटात वडील गमावलेल्या १६ वर्षांच्या कॅटनिसच्या नावाने २० चिठ्ठ्या आहेत. कायद्यापुढील समानता दारिद्र्याच्या उंबरठ्यावर कशी अडखळते, हे सांगण्यासाठी लेखिकेला व्याख्यान द्यावे लागलेले नाही.

कोण जगणार, एवढ्यावरच या कादंबरीची उत्कंठा उभी नाही. कथा कॅटनिसच सांगते. ती तगणार, हे वाचक ताडतोच. ती काय होऊन तगणार, हा खरा प्रश्न आहे. प्रारंभी तिला बहिणीपलीकडचे जग नाही. रणांगणात सोबत करणारी चिमुरडी रू मारली जाते, तेव्हा तिचे शव फुलांनी सजवून कॅटनिस परजिल्ह्याचे दुःख आपले मानते. २०१० च्या तिसऱ्या भागात विजयी बंडाची नेती राजधानीच्या मुलांचाच तसा खेळ मांडू पाहते. कॅटनिसचा बाण पराभूत हुकूमशहावर न सुटता या नेतीवर सुटतो. त्या कृत्याच्या समर्थनीयतेवर वाद व्हावाच. परंतु साध्य-साधनांचा जुना प्रश्न कुमारवयीन वाचकापुढे इतक्या थेटपणे क्वचितच आला असेल. थायलंडमध्ये २०१४ च्या लष्करी उठावानंतर निदर्शकांनी याच कथेतील तीन बोटांची खूण केली आणि त्यांना पकडले गेले. अशा कथेचे सामर्थ्य सत्ताधीशांना समीक्षकांच्या आधी कळते, ते असे.

मराठीत उत्कंठेचा वारसा आहे. भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेने पिढ्यांना खिळवून ठेवले. पण प्रत्येक साहसातून तो जसा गेला तसाच परततो, तो त्या मालिकांचा धर्मच. उलट, साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेला श्याम चुकतो, लाजतो, आणि वाढतो. फेणेची धाव आणि श्यामची वाढ एकाच पुस्तकात आणण्याचे धैर्य आता हवे.

त्यासाठी परग्रहाची गरज नाही. कारखान्याच्या धुराने धाकटा भाऊ खोकतो आहे आणि त्याच कारखान्याच्या पगारावर चूल पेटते आहे, अशी एक मुलगी डोंबिवलीत कल्पावी. तोंड उघडावे तर वडिलांचे काम जाते. मिटावे तर भावाचा श्वास. तिने काय करावे, याचे उत्तर घोषणेत सापडणार नाही, आणि म्हणूनच वाचक पान उलटेल.

कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ चे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे. कार्यकर्त्यांनी वस्तीतील मुलांना अशा ग्रंथालयांत न्यावे, त्यांच्याबरोबर वाचावे आणि त्या मुलीने काय करावे हे त्यांनाच विचारावे. उत्तर ऐकण्याची तयारी मात्र आपली असली पाहिजे.